महाविद्यालयांतील बंद कंपू

अमेरिकेतील विश्वविद्यालयांत ‘फ्रॅटर्निटी’ व ‘सोरोरिटी’ या नावांनी ओळखली जाणारी जी विद्यार्थ्यांची व विद्यार्थिनींची मंडळे आहेत, त्यांच्याविषयी आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली मोठ्या कौतुकाने बोलले जाते. कोणाचा पुतण्या, कोणाची भाची तिकडे शिकावयास गेलेली असते. दोन-तीन ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी ती मंडळे, त्यांची स्वतंत्र घरे, तेथील एकत्र राहणे-जेवणे आणि पदवीनंतरही जन्मभर एकमेकांस हात देण्याची त्यांची रीत, यांची वर्णने इकडे येतात. आणि मग कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो की, आमची महाविद्यालये म्हणजे केवळ हजेरीपटाची ठाणी. असे बंधुत्व आमच्या मुलांच्या नशिबी कोठून असणार! हा सुस्कारा वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु ज्याने आपली उमर वर्गावर शिकविण्यात घालविली आहे, त्यास तो तसा वाटत नाही. कारण अशा मंडळांची आमच्याकडे वाण आहे हेच मुळी खरे नाही. ती आहेत, आणि फार जुनी आहेत. फक्त त्यांच्या दारावर ग्रीक अक्षरे नाहीत. तेव्हा ती आणावीत की नाही हा प्रश्नच नव्हे. जी आहेत त्यांचे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

या मंडळांच्या कैवाऱ्यांचे म्हणणे प्रथम न्यायाने मांडले पाहिजे. ते तीन कलमी आहे. पहिले कलम स्नेहाचे : घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलास हजारोंच्या गर्दीत दहा-वीस माणसे तरी आपली वाटली पाहिजेत. दुसरे कलम शिस्तीचे : नवख्याने थोडे सोसल्यावाचून त्यास मंडळाची किंमत कळत नाही. तिसरे कलम साहाय्याचे : पुढे नोकरीधंद्यात जुना बंधू नव्या बंधूस उपयोगी पडतो. यांपैकी पहिले कलम आम्हांस सर्वस्वी मान्य आहे, दुसरे सर्वस्वी अमान्य आहे, आणि तिसरे दिसते तितके सरळ नाही. ती तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून देण्यात येतात हीच या वकिलीची मेख आहे.

या मंडळांचे मूळ पाहावे. ‘फाय बीटा कॅपा’ हे यांतील आद्य मंडळ १७७६ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले. त्यास शपथ होती, खुणा होत्या, गुप्तता होती. पण त्याचे काम मात्र निबंध वाचणे व वाद करणे हे होते. १८३१ साली हार्वर्ड येथील शाखेने गुप्ततेचा त्याग केला, आणि तेव्हापासून ते मंडळ विद्वत्तेच्या सन्मानाची उघड संस्था म्हणून आजतागायत प्रतिष्ठेने नांदत आहे. जी मंडळे गुप्ततेस चिकटून राहिली त्यांच्याकडे घरे आली, पैसा आला, निवडीचा अधिकार आला. आणि निबंध मात्र गेले. बंधुत्वास पडद्याची गरज नसते हा धडा त्या देशाने असा प्रारंभीच शिकून ठेवला होता. पुढे तो विसरला, एवढेच.

आमच्याकडेही हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि तोही मुंबईतच. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण अध्यापक यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नावाची सभा काढली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख चालकांपैकी एक. सभा उघड, निबंध उघड, वादही उघड. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८४९ साली, या सभेच्या सभासदांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रारंभी त्यांत स्वतः फुकट शिकविले. याच १८४९ साली, याच शहरात, याच नवशिक्षित वर्गात दुसरी एक सभा निघाली. ती परमहंस सभा. दादोबा पांडुरंग, त्यांचे बंधू आत्माराम पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर ही तिच्यातील ठळक नावे. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू. परंतु तिचे सारे काम गुप्त. प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे फुटणार अशी धास्ती पडली, आणि सभा पाहता पाहता विस्कटली. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला तो उघड निघाला. त्यात आत्माराम पांडुरंग होतेच. ज्यांनी पडद्याआडून काम करून पाहिले होते, त्यांतील एकानेच पुढे पडदा टाकून दिला, ही गोष्ट कोणत्याही उपदेशाहून अधिक बोलकी आहे.

त्या सभेच्या दीक्षाविधीकडे मात्र वाचकांनी क्षणभर पाहावे. त्या काळी असा पाव खाणे म्हणजे बहिष्कार ओढवून घेणे होते. विधीची झीज कोणास सोसावी लागे? खाणाऱ्यास, आणि तीही त्याच्या स्वतःच्या जन्मजात प्रतिष्ठेची झीज. त्यात वरच्याने खालच्यास छळलेले नव्हते; उलट वरच्याने स्वतःचा वरचेपणा गिळावयाचा होता. आता आमच्या वसतिगृहांतील दीक्षाविधी पाहा. मध्यरात्री नवख्या मुलांस ओळीने उभे करावयाचे, मान खाली घालावयास लावावयाची, आईबापांवरून प्रश्न विचारावयाचे, कोणाच्या बोलीची, कोणाच्या काळ्या रंगाची, कोणाच्या आडनावाची टर उडवावयाची. येथे वरचेपणा गिळला जात नाही. तो नव्याने तयार केला जातो. एका वर्षापूर्वी ज्यास उभे केले होते तोच आज उभे करणारा होतो, आणि यालाच परंपरा म्हणतात! दोन्हींस ‘विधी’ हा एकच शब्द लावणे म्हणजे शस्त्रक्रिया व भोसकाभोसकी यांस एकाच खात्यात जमा करणे होय.

“थोडे सोसल्याने मूल घडते,” असे म्हणणाऱ्या पालकांस आमचा एकच सवाल आहे : सोसण्यापासून शिकावयाचे ते नक्की काय? सैन्यात नवखा शिपाई सोसतो, त्याच्या अंगी नेमबाजी येते. तालमीत पोर सोसतो, त्याच्या अंगी डाव येतो. महाविद्यालयातील या छळातून कोणती विद्या अंगी येते? एकच येते : अन्याय पाहून गप्प बसण्याची. २०१७ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया राज्यातील विश्वविद्यालयाच्या एका बंधुमंडळात नव्याने प्रवेश घेणारा एक मुलगा, मंडळाच्या रिवाजाप्रमाणे पाजलेल्या दारूने झिंगून जिन्यावरून पडला. घरात बंधू होते, पुष्कळ होते. त्याच्यासाठी मदत बोलावण्यास त्यांस सुमारे बारा तास लागले. आणि तो मुलगा दगावला. ज्या बंधुत्वाची शपथ त्यास देण्यात येत होती, तिचा अर्थ त्या बारा तासांत लिहिलेला आहे. मंडळाची अब्रू वाचावी म्हणून भाऊ मरू द्यावा, येथपर्यंत जे बंधुत्व जाते त्यास आमच्या भाषेत दुसरे नाव आहे.

आमच्या राज्यात महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालीच झाला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास काढून टाकून पाच वर्षे कोठेही प्रवेश न देण्याची तरतूद आहे. आणि तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही त्या गुन्ह्यास साह्य करणारा समजावा, असे स्पष्ट म्हटले आहे. पुढे २००९ साली विश्वविद्यालय अनुदान मंडळाने नियम केले, तेव्हापासून विद्यार्थी व पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेण्यात येते. कायदा चांगला आहे. त्याहून कडक असावा असेही आम्ही म्हणत नाही. परंतु कायद्यास साक्षीदार लागतो, आणि बंद कंपूचे पहिले काम साक्षीदार नाहीसा करणे हेच असते. पालक प्रवेशाच्या दिवशी त्या प्रतिज्ञापत्रावर न वाचता सही करतो, आणि त्याच संध्याकाळी मुलास सांगतो, “वरच्या वर्गातल्या पोरांशी जुळवून घे हो, पुढे तीच उपयोगी पडतील.” ही दोन वाक्ये एकाच मुखातून निघतात तोवर कोणताही कायदा काय करणार?

येथे एक वजनदार आक्षेप निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणी म्हणेल की, ज्यांस सर्वत्र दारे बंद होती त्यांनी स्वतःची घरे बांधली, तीही आपण बंद कंपूच म्हणणार काय? कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींसाठी म्हणून राजाराम वसतिगृह काढले. कागदावर दार सर्वांस उघडे होते. परंतु कारभार ब्राह्मणांच्या हाती राहिला आणि वसतिगृह थोड्याच काळात ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरले. तेव्हा १९०१ साली महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. अमेरिकेतही तेच. कॉर्नेल येथे १९०६ साली काळ्या विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ काढली, आणि १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विश्वविद्यालयात काळ्या विद्यार्थिनींनी ‘अल्फा कॅपा अल्फा’ काढली. ज्यांस गोऱ्यांच्या मंडळांत पाऊल ठेवण्याची सोय नव्हती त्यांनी स्वतःची मंडळे केली, यात दोष तो काय?

आमचे उत्तर असे की, दोष काहीच नाही. उलट कोल्हापूरच्या इतिहासाने आमचेच म्हणणे पुरे होते. दार उघडे आहे असे पाटीवर लिहिल्याने ते उघडे होत नाही. किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे पाहावे लागते, हे राजाराम वसतिगृहाने शिकविले. बाहेर ठेवलेल्यांनी आडोसा म्हणून बांधलेली भिंत आणि आत असलेल्यांनी इतरांस येऊ न देण्यासाठी बांधलेली भिंत, या दोन्ही भिंतीच खऱ्या; परंतु पहिली थंडीवाऱ्यापासून राखते, दुसरी हक्कापासून राखते. तथापि आडोशाची भिंतही कायमची असू नये, हे महाराष्ट्रातच एका पुरुषाने दाखवून दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सातारा येथे जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत व एका पंक्तीस बसत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचेच नाव देण्यात आले. ज्या राजाने गरज म्हणून जातवार वसतिगृहे काढली त्याचेच नाव सर्वजातीय वसतिगृहास शोभून दिसले, यात विसंगती मुळीच नाही. एक पायरी होती, दुसरी वरची पायरी होती. पायरीवरच बिछाना टाकून झोपणारे मात्र आजही पुष्कळ आहेत.

स्त्रियांच्या मंडळांविषयीही हाच न्याय. मुलींस मुलांच्या नजरेबाहेर, आपसांत बोलावयास स्वतंत्र जागा हवी असते. तीत गैर काही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यास आर्य महिला समाज काढला तो याच जाणिवेने. पुढे त्या अमेरिकेत गेल्या असता त्यांच्या शाळेस साह्य करण्यासाठी तिकडे गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली, आणि १८८९ साली मुंबईस शारदा सदन सुरू झाले ते त्या द्रव्याच्या बळावर. समुद्रापलीकडील स्त्रियांनी, ज्यांस त्यांनी कधी पाहिले नव्हते व ज्यांच्याकडून परतफेडीची तिळमात्र आशा नव्हती, अशा येथील विधवांसाठी वर्गणी दिली. भगिनीमंडळ म्हणतात ते याला! आपल्याच वर्गातल्या, आपल्याच ऐपतीच्या, आपल्यासारखेच कपडे करणाऱ्या बारा जणींनी तेराव्या मुलीस उपाहारगृहाच्या मेजाशी जागा न देणे, याला भगिनीभाव म्हणावयाचे असेल तर तो शब्दच आपण कोशातून काढून टाकलेला बरा.

आता तिसरे कलम, साहाय्याचे. जुन्या विद्यार्थ्याने नव्यास मदत करावी यात वाईट काय, असे विचारण्यात येते. मदत कोणाच्या खर्चाने होते हे पाहिल्यावाचून उत्तर देता येत नाही. स्वतःचा वेळ, स्वतःची पुस्तके, स्वतःचा पैसा दिला तर ते दान होय. परंतु जागा भरावयाच्या कचेरीत बसून आपल्या मंडळाच्या मुलास आत घेणारा गृहस्थ स्वतःचे काहीच देत नाही. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या, अधिक लायक परंतु कोणाचाही बंधू नसलेल्या मुलाचे घेऊन तो आपल्या बंधूस देतो. यास आमच्याकडे वशिला म्हणतात, आणि वशिल्याने आमच्या सार्वजनिक जीवनाची जी माती केली आहे ती पाहता, तो लहानपणापासून शिकविणारी आणखी एक शाळा काढण्याची गरज कोणास वाटावी, याचेच नवल वाटते.

वरील सारी चर्चा वसतिगृहांची झाली. परंतु ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली या टापूतील बहुतेक विद्यार्थ्यांस वसतिगृह ठाऊकच नाही. कळव्याचा मुलगा सकाळी धीम्या गाडीची वाट पाहत उभा राहतो. जलद गाड्या न थांबता परस्पर निघून जातात, आणि जी थांबते ती कल्याणकडूनच खच्चून भरून आलेली असते. त्या डब्यातही कंपू असतातच : ही जागा आमच्या गटाची, हे दार आमच्या माणसांचे. या डब्यात भजन म्हणणारे, एकमेकांच्या आजारपणात धावून जाणारे गट आहेत, हे आम्ही आनंदाने कबूल करतो; आणि तोच गट कळव्यास चढू पाहणाऱ्या परक्या पोरास कोपराने मागे रेटतो, हेही प्रवास करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. प्रेम आत आणि कोपर बाहेर, हा बंद कंपूचा स्वभावच आहे. असा मुलगा ठाण्यास किंवा माटुंग्यास उतरतो, तीन तास व्याख्याने ऐकतो, आणि परत त्याच गर्दीत शिरतो. महाविद्यालयात त्यास बसावयास एक खोली नसते. वर्गातील शेजाऱ्याचे नाव त्यास परीक्षेच्या बैठकीवरून कळते. असा एकाकी मुलगा पहिल्या हाक मारणाऱ्याच्या मागे जातो. मग ती हाक जातीच्या मंडळाची असो, एखाद्या पुढाऱ्याच्या पित्त्यांची असो, की चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर नाव झळकविणाऱ्या दादाची असो. बंद कंपूचे खरे बळ त्याच्या शपथेत नाही. ते आमच्या महाविद्यालयांच्या ओसाडपणात आहे. येथेच आमचे अमेरिकाभक्त मित्र निदान अर्धे तरी बरोबर आहेत. त्यांचे दुखणे खरे आहे, औषध चुकीचे आहे.

म्हणूनच नुसत्या बंदीवरही आमचा विश्वास नाही. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका बंद केल्या, आणि गुणांच्या क्रमाने प्रतिनिधी नेमण्याची रीत आली. दंगा थांबला हे खरे. परंतु उघड्यावर भांडणारी मंडळे गेली म्हणून मंडळे गेली असे झाले नाही. ती भिंतीआड गेली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली ती, निवडणुकांवाचून विद्यार्थिजीवन सोवळे होते हा भ्रम फिटल्यामुळेच, असे आम्ही समजतो. याउलट अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे १९६२ साली बंधुमंडळे मोडीत काढण्याचे ठरले. पण ठराव करून चालक हात झटकून मोकळे झाले नाहीत. विद्यार्थ्यांच्या निवासाची, भोजनाची व मेळाव्याची व्यवस्था कॉलेजने स्वतःच्या शिरावर घेतली. बंदी टिकली ती त्यामुळे. ज्यास कंपू मोडावयाचा आहे त्याने प्रथम खोली बांधावी.

आमची मागणी चार गोष्टींची आहे, आणि त्यांतील एकीसही मोठा खर्च नाही. प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थिमंडळांसाठी निदान एक खोली व आठवड्यातील एक तास व्याख्यानांपासून मोकळा ठेवावा. तो तास दुपारचा असावा, म्हणजे गाडी गाठणाऱ्या मुलास तो मिळेल. प्रत्येक मंडळाच्या सभासदांची यादी व जमाखर्च फलकावर लावावा. जे मंडळ यादी लावण्यास कचरते ते कोणाचे तरी नुकसान करीत आहे असे खुशाल समजावे. प्रवेश केवळ अर्जाने व्हावा. शपथ, परीक्षा, शिफारस काही नको. आणि चौथी गोष्ट राजाराम वसतिगृहाची आठवण ठेवून : मंडळाचे चालक दर वर्षी बदलावेत, आणि ते एकाच जातीचे, एकाच शाखेचे वा एकाच वस्तीचे होत आहेत असे दिसताच प्राचार्यांनी जाहीरपणे जाब विचारावा. अमेरिकेनेही २०२४ च्या डिसेंबरात कायदा करून अशा छळाच्या प्रकारांची नोंद महाविद्यालयांनी प्रसिद्ध केलीच पाहिजे असे ठरविले आहे. उजेड हेच अखेर औषध, या निष्कर्षावर तो देश दोनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी आला. आम्हांस तितके थांबण्याचे कारण नाही.

पालकांस शेवटी एवढेच सांगावयाचे. आपला मुलगा किंवा मुलगी एखाद्या मंडळात जाऊ लागली, तर तेथे कोण कोण मोठे लोक आहेत हे विचारू नका. तेथे कोणास येऊ देत नाहीत, ते विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर मूल सहज देऊ शकले तर त्यास खुशाल जाऊ द्या. ते अडखळले, तर त्याच्यापाशी बसा आणि त्यास बोलते करा. कारण तेथे त्यास जे शिकविले जात आहे ते कोणत्याही परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसणार नाही, पण पुढे त्याच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक माणसास मात्र ते भोगावे लागेल.